वेंकोबा रावांची सातवी टोपली

वेंकोबा राव मला पहिल्यांदा भेटले तेव्हा ते माझं कपाट मोजत होते. कपाटाची लांबी-रुंदी नव्हे, ते दुसऱ्या मजल्यावर चढायला किती वेळ लागतो ते. बँकेने माझी साताऱ्याहून चेन्नईला बदली केली होती, नुंगंबाक्कमला एका जुन्या इमारतीत घर मिळालं होतं आणि सामानाचा टेम्पो नुकताच दाराशी लागला होता. जिन्याच्या वळणावर पांढरीशुभ्र वेष्टी नेसलेले, सडसडीत, सत्तरीकडे झुकलेले एक गृहस्थ उभे होते. एका हातात कागद अडकवलेली लाकडी फळी, दुसऱ्या हातात स्टॉपवॉच. इमारतीचे कोणी अधिकारी असावेत अशा समजुतीने मी नमस्कार केला. त्यांनी बोट वर करून मला गप्प केलं, कपाट वर पोचू दिलं, घड्याळ थांबवलं आणि म्हणाले, "सहा मिनिटे दहा सेकंद. साधारण माणसांस साडेचार पुरतात. वळणावर भांडत राहिले, तेथे वेळ गेला."

"तुम्ही मराठी?" मी उडालोच.

"मग काय चुम्मा बोलतो काय? सव्वातीनशे वर्षे जाहली आम्हांस तंजावरास येऊन. तेव्हापासोन बोलतोच आहो."

'चुम्मा' म्हणजे तमिळमध्ये उगाच, फुकटचं. हा शब्द त्यांच्या दर तिसऱ्या वाक्यात यायचा आणि 'सेरी', म्हणजे बरं, ठीक आहे, हा दर चौथ्या. बाकीची भाषा थेट बखरीतली, चाल मात्र तमिळ. सुरुवातीला मला ते बोलू लागले की कोणीतरी दरबारात उभं केल्यासारखं वाटायचं. पुढे सवय झाली आणि ते माझे रावकाका झाले.

रावकाका एका बसचे सांगाडे बनवणाऱ्या कारखान्यात रेट फिक्सर होते. हा हुद्दा मला ठाऊक नव्हता. एखादं काम करायला कामगाराला रास्त वेळ किती लागावा हे ठरवणारा तो रेट फिक्सर. तो घड्याळ घेऊन कामगाराशेजारी उभा राहतो, मोजतो, आणि त्याने लिहिलेली मिनिटं फलकावर लागली की सगळ्यांना तेवढ्यात काम उरकावं लागतं. कारखान्यात साहेबापेक्षा जास्त शिव्या याला बसतात. निवृत्त होऊन दहा-अकरा वर्षं झाली, पत्नी वारली, मुलगी लग्न होऊन बंगळुरूला गेली, तरी काकांचं मोजणं काही सुटलं नव्हतं. डोसा किती सेकंदांत उलटला, पोस्टातल्या बाईने एका पाकिटाला किती शिक्के मारले, सगळं फळीवर.

एकदा ते आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून बसले आणि त्यांनी माझ्या बायकोच्या, सुमनच्या, पोळ्या मोजल्या. मला वाटलं आता हा म्हातारा लाटण्याचा प्रसाद घेऊन जाणार. काका उठले आणि मला म्हणाले, "साळवी, सातव्या पोळीनंतर हात मंदावतो. प्रत्येक कामांत दमण्याचा वाटा धरावा लागतो. बारा पोळ्यांमागे दहा मिनिटे बसू द्यावे, आणि तेव्हढा वेळ ताटे तुम्ही घ्यावी." त्या दिवसापासून काकांची कॉफी आमच्याकडे ठरली आणि ताटं घेणं माझ्याकडे आलं.

पण त्यांचा खरा ध्यास एकच होता. कुठलाही आकडा कानावर पडला की ते विचारत, "कोणासाठी? साधारण माणूस कोण धरला आहे?" रिक्षावाला म्हणाला दहा मिनिटांत पोचवतो, की हा प्रश्न. डॉक्टर म्हणाले रोज पाच किलोमीटर चाला, की हाच प्रश्न. डॉक्टरांनी पुढे त्यांना तपासायच्या आधीच 'तुम्हाला जमेल तेवढं चाला' म्हणायला सुरुवात केली.

आता त्या टोपलीकडे येतो. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. शहराच्या दक्षिणेला संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती उठत होत्या आणि आमच्या मराठी मंडळात तरुण मंडळींची भर पडत होती. त्यांतला सुहास करंदीकर अमेरिकेत दोन वर्षं राहून आला तो डिस्क गोल्फ घेऊन आला. या खेळात चेंडू नाही आणि काठीही नाही. जेवणाच्या ताटलीएवढी प्लास्टिकची चकती फेकायची आणि लांब उभ्या केलेल्या, साखळ्या लोंबणाऱ्या लोखंडी टोपलीत पाडायची. पडेल तिथून पुन्हा फेकायची. कमीत कमी फेकांत टोपली गाठेल तो जिंकला. चांगल्या खेळणाऱ्याला एका टोपलीला किती फेका लागाव्यात याचा एक आकडा आधीच ठरवलेला असतो, त्याला म्हणतात पार. पार तीन असेल आणि तुम्हाला चार लागल्या, तर कार्डावर तुमच्या नावापुढे एक चूक.

सुहासने जॉर्ज टाउनमधल्या एका वेल्डरकडून सायकलच्या चेनी लावून नऊ टोपल्या करवून घेतल्या. चेन्नईच्या दक्षिणेला समुद्रकाठी जे कोवलम आहे, त्याच्या अलीकडे मंडळाच्या एका सभासदाचं सुरूचं बन होतं, तिथे त्या रोवल्या. दर रविवारी आम्ही वीस-पंचवीस जण डबे घेऊन बसने तिकडे जाऊ लागलो. तिसऱ्या रविवारी मी रावकाकांनाही नेलं. त्यांनी चकतीला हात लावला नाही. कार्ड मात्र उलटसुलट करून वाचलं.

"नऊही टोपल्यांस तीन-तीन लिहिले आहे. कोणी मोजले?"

"काका, असाच असतो स्टँडर्ड," सुहास म्हणाला. "नऊ त्रिक सत्तावीस. लक्षात ठेवायला सोपं."

"लक्षांत ठेवावयास सोपे म्हणोन? अय्यो! सेरी, बाकी आठ राहू दे. ही सातवी कोणी मोजली?"

सातवी टोपली म्हणजे आमचं सगळ्यांचं दुखणं होतं. विहिरीजवळच्या उंचवट्यावरून सुरूच्या दोन रांगांमधून फेकायचं. रांगा मध्येच डावीकडे वळतात, त्यामुळे टोपली दिसतच नाही. वळणाशी पडलेली चकती वाळूच्या खोलगटातून वर फेकायची, आणि अकराच्या सुमारास समुद्राचा वारा सुटला की ती उजवीकडून ढकलली जाऊन झाडांत शिरायची. सुहास तीनांत जायचा. आम्हा बाकीच्यांना चार, पाच, एकदा मला सात लागल्या होत्या.

"पार हा तज्ज्ञ माणसासाठी असतो काका," सुहास समजावू लागला.

"येथे तज्ज्ञ किती?"

"म्हणजे... मी."

"मग तुम्ही एकट्याने यावे. हे चोवीस जण चुम्मा आले काय?"

सुहास हसला आणि विषय संपला असं त्याला वाटलं. पण पुढचे तीन रविवार काका सातव्या टोपलीजवळ स्टूल टाकून बसून राहिले. चौथ्या रविवारी त्यांनी मंडळाच्या समितीपुढे कागद ठेवला. सातव्या टोपलीनंतर अकरा माणसं खेळ सोडून डब्यांकडे वळली होती, आणि त्यांतली सहा पुढच्या रविवारी आलीच नव्हती. "सातवीचा पार चार पाहिजे," काका म्हणाले. "मजला अभ्यास करू द्या. साधारण माणसाच्या फेका मोजोन सिद्ध करतो." समितीने सुटका म्हणून होकार दिला. दोन महिन्यांनी बंगळुरूचा एक संघ खेळायला येणार होता आणि त्याआधी कार्डं छापायची होती, तोवर काय तो निकाल लावा म्हणाले.

मग सुरू झाला साधारण माणसाचा शोध. काकांनी मंडळातल्या बत्तीस जणांना सातव्या टोपलीवर उभं केलं आणि एकेकाला बाद केलं. कुलकर्णी फेकण्याआधी बायकोकडे बघतात, बाद. देसाई डावखुरे, माणूस उत्तम पण बाद. नाईक पूर्वी गोळाफेक करायचे, बाद. एक पाटील नावाचे गृहस्थ चकती चुकली की चकतीशी बोलत, त्यांच्यापुढे काकांनी 'विचार चालू' लिहिलं. लोकांची पंचाईत झाली. बाद झालं की राग येई आणि साधारण ठरावं असंही कोणाला वाटत नव्हतं.

एका संध्याकाळी काका इस्त्रीचा शर्ट घालून आमच्या घरी आले. बसले नाहीत. फळी छातीशी धरून म्हणाले, "साळवी, अभिनंदन. बत्तिसांत तुम्ही एकटे पूर्णपणे साधारण आहां."

सुमन हसून हसून ओट्याला टेकली. "चौदा वर्षं मी हेच सांगतेय काका, आणि ते घड्याळ न लावता!"

ही बातमी मंडळात पसरायला एक रविवार पुरला. नव्या माणसांशी माझी ओळख 'हेच ते साधारण साळवी' अशी होऊ लागली. पोरंसोरं मला ऑर्डिनरी अंकल म्हणू लागली. काकांनी मात्र मला गंभीरपणे नियम सांगितला होता. चार रविवार, सकाळी वारा पडलेला असताना आणि दुपारी वारा सुटल्यावर, मी फेकायचं. नेहमीसारखं. आळस नको, मर्दुमकीही नको. पहिल्या दोन रविवारी मला चार, चार, पाच, चार लागल्या. काका खूश. मी मनातून जळत होतो.

मग मी एक उद्योग केला. रोज पहाटे उठून गच्चीवर जायचो आणि तांदळाच्या डब्याचं प्लास्टिकचं झाकण धुण्याच्या बादलीत फेकायचो. तिसऱ्या रविवारी मी पोटदुखीचं निमित्त काढून दांडी मारली आणि तोही दिवस गच्चीवर घालवला. बँकेत व्हाउचरवर सही करतानाही माझं मनगट वळायचं. शेवटच्या रविवारी सगळं मंडळ सातव्या टोपलीभोवती जमलं. चुकलेल्या रविवारची भरपाई म्हणून सकाळी मी दोन फेऱ्या केल्या आणि दोन्ही वेळा तीनांत गेलो. दुपारी वाऱ्यातही तीन! टाळ्या पडल्या, सुमनसुद्धा ओरडली. सुहासने मला मिठी मारली आणि काकांना म्हणाला, "बघा काका, साधारण माणूससुद्धा तीनांत जातो! झालं ना सिद्ध?"

काकांनी तीनही आकडे कागदावर नीट लिहिले. "जे दिसले ते लिहिले पाहिजे. सेरी," म्हणाले आणि फळी पिशवीत ठेवली.

परतीच्या बसमध्ये ते माझ्या शेजारी बसले. मी अजून फुगलेलाच होतो. तिरुवान्मियूर आल्यावर त्यांनी विचारलं, "किती दिवस सराव केलात?"

मी आव आणून म्हटलं, "कसला सराव?"

"पहिल्या रविवारी चकती सोडताना तुम्ही डोळे मिटत होता. आज मिटले नाही."

मग खरं सांगितलं. मला वाटलं चिडतील. त्याऐवजी त्यांनी मला एळुमलैची गोष्ट सांगितली.

एळुमलै त्यांच्या कारखान्यात फिटर होता. नऊ वर्षं दोघं दुपारचं जेवण एका बाकावर बसून जेवत. एळुमलै मासे खाई, काका दहीभात, पण बाक एकच. एकदा बसचं दार बसवण्याच्या कामाचा वेळ ठरवायचा होता. काकांनी मोजायला एळुमलैला निवडलं.

"मी घड्याळ घेऊन उभा राहिलो आणि त्याचे हात धावू लागले. नऊ मिनिटे! मी नऊ वर्षे त्याचे हात पाहत होतो, साळवी. ते रोज ऐसे धावत नाहीत, हे मजला ठाऊक होते. पण मजला गर्व जाहला. माझा मित्र, नऊ मिनिटांत! मी नऊ लिहिले. फलकावर लागले. चाळीस माणसांस ते नऊ मिनिटांत करावे लागले. चहा अर्धा टाकून पळत. आणि राग सगळा एळुमलैवर. त्याचे बाकावर कोणी बसेना."

"तुम्ही बसत होता ना?"

बस पुढच्या थांब्यावर थांबली, माणसं चढली.

"मी रेट लावणारा. त्याचेपाशी बसलो असतो तर लोक म्हणाले असते, दोघांनी मिळोन केले. म्हणोन मीही बसलो नाही. मेजावर एकट्याने जेवू लागलो. पांच महिन्यांनी त्याने नोकरी सोडली. मी तेरा वर्षे तसाच मेजावर जेवलो. आंकडा चुकला, एव्हढे दोन शब्द लिहावयाचा धीर जाहला नाही."

मला माझी स्वतःचीच लाज वाटली. त्या तीन टाळ्याखाऊ फेऱ्या मला परत घेता आल्या असत्या तर मी तिथेच बसमध्ये घेतल्या असत्या. घरी पोचेपर्यंत मी मनाशी ठरवून टाकलं.

बुधवारी समितीची बैठक होती. मी तांदळाच्या डब्याचं झाकण घेऊन गेलो आणि उभा राहून सगळं कबूल केलं. गच्ची, बादली, खोटी पोटदुखी, सगळं. "माझ्या शेवटच्या तीन फेऱ्या साधारण माणसाच्या नाहीत," मी म्हटलं. "लोकांत हसं होतं म्हणून पेटलेल्या माणसाच्या आहेत त्या. आधीच्या चार धरा." हसता हसता कुलकर्ण्यांचा चष्मा पडला. सुहास अडून बसेल असं मला वाटलं होतं. कार्डं तर छापून आली होती. पण पोरगा मनाने मोकळा. त्याने ते झाकण हातात घेऊन वजन बघितलं, म्हणाला, "यावर सराव करून तुम्ही तीनांत गेलात म्हणजे कमाल आहे," आणि खिशातलं पेन काढून पहिल्या कार्डावरच्या सातव्या तिनाचा चार केला. मग आम्ही सगळ्यांनी मिळून उरलेली कार्डं दुरुस्त केली. काका प्रत्येक कार्ड तपासत होते. दोन कार्डांवरचा चार नीट वाचता येत नाही म्हणून त्यांनी ती परत लिहायला लावली.

पुढच्या रविवारी खेळ सोडून गेलेल्यांपैकी चौघं परत आली. त्यांतल्या एक साठे बाई सातवीवर चारांत गेल्या आणि पदर खोचून त्यांनी पुढच्या दोन टोपल्याही खेळून काढल्या. काकांनी ते लिहून घेतलं.

त्या संध्याकाळी ते आमच्याकडे कॉफीला आले. अर्धी कॉफी झाल्यावर म्हणाले, "साळवी, शनिवारी अर्धा दिवस बँक. दुपारी मोकळे आहां काय? आयनावरमला जावयाचे. एळुमलै तेथे राहतो."

"तुम्हाला पत्ता ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे. बस थांब्यापासोन त्याचे दार सहा मिनिटे. मी गल्लीच्या तोंडापर्यंत तीनदा गेलो. तेथोन परत आलो."

शनिवारी आम्ही गेलो. बसमध्ये काका ओठ हलवत काहीतरी पाठ करत होते. गल्लीच्या तोंडाशी ते थांबले. मी त्यांच्या कोपराला हात लावून उभा राहिलो. मग आम्ही चालू लागलो.

एका बैठ्या घराच्या ओट्यावर लुंगी नेसलेला, जाड भिंगांचा चष्मा लावलेला म्हातारा पेपर वाचत बसला होता. त्याने मान वर केली. त्याने ओळखलं हे मला कळलं, कारण त्याने पेपराची घडी घातली आणि ती पुन्हा नीट घातली. काका तमिळमध्ये बोलू लागले. तमिळमध्ये त्यांचा तो बखरीचा थाट नसे, साधंच बोलत, आणि माझी काउंटरवरची तमिळ तेवढं समजण्याइतकी झाली होती.

"एळुमलै, त्या दाराच्या कामाची नऊ मिनिटं लिहिली ते चूक होतं. तेरा पाहिजे होती."

"बारा पुरली असती," एळुमलै म्हणाला. मग चष्मा काढून पुसत राहिला. "तू घड्याळ घेऊन उभा होतास. वाटलं, आपल्या माणसाच्या कागदावर झकास आकडा पडू दे. म्हणून मीच हात पळवले. नंतर कुणाला सांगणार?"

"मी तुझ्या बाकावर यायला हवं होतं," काका म्हणाले. आणि ते तिथेच, रस्त्यात उभे राहून रडू लागले. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं.

"हो," एळुमलै म्हणाला. "यायला हवं होतंस. मी रोज वाट बघायचो."

मग त्याने मांडीवरचा पेपर उचलला आणि तो ओट्यावर जरा बाजूला सरकला. काका त्याच्या शेजारी जाऊन बसले.